चार पावसाळे

खोक्यावर छापलंय: मालवाहू यान, एकास एकशे चव्वेचाळीस.
करड्या प्लास्टिकचे एकशे बारा तुकडे,
फ्रेममधून कापताना टक् टक् वाजणारे.
तीन आठवडे चिकटवण्यात गेले,
एक अख्खी संध्याकाळ नुसती सांधे घासण्यात.
आता ते उभं आहे शेडमधल्या टेबलावर,
जुन्या वर्तमानपत्रावर,
पूर्ण, गुळगुळीत
आणि खोटं.
याने अजून एकही पावसाळा पाहिलेला नाही.
याला चार पावसाळे दाखवायचेत,
रविवारपर्यंत.

दिवसा मी दात करतो.
संडरलंडच्या स्टेशनमागे लॅब आहे, तिथे, पोर्सलेनचे,
ज्यांची तोंडं मी कधी पाहात नाही त्यांच्यासाठी.
पांढराशुभ्र दात लगेच पकडला जातो.
म्हणून मुळाशी किंचित पिवळा, कडेला चहाचा डाग,
एखादी केसाएवढी चीर.
भट्टीतून निघतो तेव्हा त्याने
चाळीस वर्षं टोस्ट चावलेला असतो.
तोच ब्रश, तीन शून्यांचा, मी घरी आणतो.
लॅबला माहीत नाही.

आधी काळा थर. त्यावर गंजाचा तपकिरी.
त्यावर बायकोचा हेअरस्प्रे
(‘एवढ्यात संपतो कसा गं हा?’ ती फोनवर बहिणीला विचारते),
त्यावर कंपनीचा पिवळा.
पिवळा सुकला की ओल्या ब्रशने हळूच घोळत राहायचं.
पापुद्रा सुटतो, खालचं वय वर येतं.
शिडीपाशी जास्त, तिथे बूट लागतात.
कडीभोवती, तिथे हातमोजे.
खालच्या दारापाशी सगळ्यात जास्त:
तिथे कुणीतरी रोज घाईत असतो.

‘बाबा, अवकाशात हवा नाही, पाणी नाही.
गंज कुठून?’
सावनी अकरा वर्षांची. शाळेत परवाच झालंय तिचं हे.
उतरतं ना कुठेतरी, माल घ्यायला.
‘कुठे?’
अशाच एखाद्या गावात. वारा खारा असतो तिथला.
तिला पटत नाही,
पण ती स्टूल ओढून बसते.

शनिवारी शेजारचे मिस्टर गारबट आले,
स्वतःचा चहाचा मग घेऊन.
वेअर नदीवर यांनी खरी जहाजं रंगवली,
यार्डाला कुलूप लागेपर्यंत.
यांची डावीकडची खालची दाढ माझ्या हातची,
आता त्यांनाही सांगता येत नाही ती कुठली.
चष्मा कपाळावर चढवून त्यांनी यान पाहिलं,
चहा निवेपर्यंत.
मग म्हणाले, ‘गंज चुकलाय तुझा.
गंज पसरत नाही, पोरा, ओघळतो.
पाणी जिथे थांबतं तिथून निघतो.
प्रत्येक बोल्टाला विचार.’
आणि दाराशी वळून,
‘इतका गंज म्हणजे रंगाऱ्याला काढून टाकलेला दिसतोय.’
हसले.
मग मग शोधत बसले, जो हातातच होता.

रात्री मी एकेका बोल्टाला विचारलं.
सुईच्या टोकाएवढा तेलरंग,
थिनरने खाली ओढलेली रेघ,
कुठे लांब, कुठे लगेच विरलेली.
पेन्सिलीचं शिसं कडांना घासलं,
सावनीने खडूची भुकटी पायांवर फुंकली,
अर्धी माझ्या चहात.

‘बाबा, हा राहिला.’
इंजिनाच्या डावीकडचा पत्रा.
ना ओघळ, ना ओरखडा,
पिवळाही जरा निराळा, नव्या डब्यातला.
राहिला नाही, म्हटलं. बदललाय.
‘कुणी?’
आहे कुणीतरी. अजून येतो कामावर.
तिने पत्र्यावरून बोट फिरवलं,
रंग ओला आहे का पाहिलं.
‘पगार मिळतो त्याला?’

मी वार्निशचा डबा हलवत राहिलो.
आतली गोळी वाजत होती,
हलवायची गरज संपली
तरी बराच वेळ.